कोंबडबाजार : बंदी हवी, पण कुणावर?

(गोंडपिपरी येथे महिला बचतगटांच्या आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या बैठकीत काय बोलायचे, हे ठरवताना दोन विषय पुढे आले होते. एक दारू आणि दुसरा कोंबडबाजार. दारूवर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. कोंबडबाजाराचे नाव काढले की मात्र बाया हसतात. 'तो माणसांचा शौक आहे बाई, त्यात आपण काय बोलायचे?' असे म्हणतात. ज्या गोष्टीत आपले घर बुडते, तिच्यावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही असे आपल्यालाच का वाटते? या प्रश्नापासूनच सुरुवात करू या.

कोंबडबाजार म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. पण आपले बोलणे दूरच्या मैत्रिणींपर्यंतही जाणार आहे, म्हणून थोडक्यात सांगते. चंद्रपूर-गडचिरोलीत धान कापून, चुरून झाले की लोकांच्या हातात थोडा पैसा येतो. मंडया भरतात, रात्री नाटके होतात, शंकरपट होतात. याच दिवसांत गावापासून जरा आडबाजूला, जंगलाच्या कडेला, नाल्याच्या काठी किंवा कुणाच्या पडीत शेतात कोंबडबाजार भरतो. दोन कोंबड्यांच्या पायांना धारदार काती बांधतात. भोवती माणसांचे कडे होते. पैसे लागतात. झुंज कधी दोन-तीन मिनिटांतच संपते. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या मालकाकडे जातो आणि संध्याकाळी त्याच्या घरी शिजतो. भोवती दारू असते, पत्ते असतात, भजी-अंड्यांची दुकाने असतात. दूरदूरच्या गावांतून मोटारसायकली येतात. नदीपलीकडच्या तेलंगणातूनही माणसे येतात.

कोंबडा कोंबड्याशी भांडतो, हे निसर्गात आहेच. अंगणात आपण रोज बघतो. दोघे पिसे फुलवतात, एकमेकांवर उड्या घेतात आणि मग एक जण पळतो. पळाला की भांडण संपले. काती बांधली की हे पळणेच संपते. हरायचे म्हणजे मरायचे, हा नियम माणसाने घातला आहे. म्हणून 'कोंबडे तर भांडतातच' हा युक्तिवाद मला पटत नाही.

आता मुख्य प्रश्न. यावर बंदी घालावी का?

पहिले उत्तर असे की बंदी आहेच, आणि ती आजची नाही. १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये सार्वजनिक जागी पशुपक्ष्यांची झुंज लावण्याचा उल्लेख आहे. हा कायदा इंग्रजांच्या काळातला आहे आणि आजही आपल्या राज्यात लागू आहे. नंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्याच्या कलम ११ प्रमाणे करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात पुढे असेही आहे की अशा झुंजीसाठी जागा ठेवणारा, जागा वापरू देणारा, तिथली व्यवस्था बघणारा आणि आत सोडण्याचे पैसे घेणारा हे सगळे गुन्हेगार आहेत.

आणि शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपये ही रक्कम मोठी असेल. आज तेवढ्यात गावरान कोंबडीचे पिल्लूही धड मिळत नाही. ज्या खेळात हजारांनी पैसा फिरतो, तिथे हा दंड म्हणजे खेळाच्या खर्चातली एक किरकोळ बाब झाली.

दंड हा खेळाचाच भाग होऊन बसतो, हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिका-कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात. तिथल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत दोन खेळाडू हातमोजे टाकून गुद्दागुद्दी करतात आणि प्रेक्षक उभे राहून ओरडतात. नियमाने ही मारामारी चूक आहे, पण शिक्षा काय, तर पाच मिनिटे बाहेर बसायचे. त्यानंतर पुन्हा खेळायला मोकळे. मारामारीसाठी नावाजलेला डेरेक बूगार्ड नावाचा खेळाडू २०११ साली अवघ्या २८ व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा वारंवार मार बसून होणारा आजार त्यात आढळला. त्या खेळातली मारामारी पूर्ण बंद करावी का, यावर तिथे आजही वाद चालू आहे. पण ऑलिम्पिकच्या हॉकीत अशी मारामारी करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढतात आणि तरीही तो खेळ लोक आवडीने पाहतात. म्हणजे मारामारीवाचून खेळ चालत नाही, हे खरे नव्हे. गर्दी ओढण्यासाठी ती कुणाला तरी हवी असते. अर्थात ती माणसे स्वतःच्या मर्जीने आणि पगार घेऊन भांडतात. आपल्या कोंबड्याला ना मर्जी ना पगार.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे, कारण ते आपल्याच घरातून येते. भाऊ म्हणतात, 'ही आमची परंपरा आहे. बैलांच्या शर्यती चालतात, मग कोंबड्यांनीच काय घोडे मारले?' या बोलण्यात तथ्य आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यतीमागे जमीनवाले, वजनदार समाज आणि सगळे पक्ष उभे राहिले. मुंबई-पुण्यात घोड्यांच्या शर्यतीवर तर परवाना घेऊन पैसा लागतो. तिथे धाड पडत नाही. आमच्या जंगलातल्या गोलावर मात्र पोलीस येतात आणि माना समाजाचा, गोंड समाजाचा, दलित वस्तीतला मजूर पोरगा पकडला जातो. हा दुजाभाव आहे, आणि तो मान्य करूनच आपण पुढे बोलले पाहिजे. आदिवासींच्या जगण्याला मागास ठरवणाऱ्यांच्या रांगेत आपल्याला उभे राहायचे नाही.

पण परंपरेच्या नावाखाली काय काय चालवले जाते, तेही बघू. देवाला कोंबडा देणे ही एक गोष्ट आहे. सणाला कोंबडा कापून पाहुण्यांना जेवू घालणे ही एक गोष्ट आहे. काती बांधून, बाहेरगावचे पैसेवाले बोलावून, दारूवाल्याला जागा देऊन, प्रत्येक झुंजीमागे वाटा काढणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिल्या दोन गोष्टी घराच्या आणि गावाच्या आहेत. तिसरा सरळ धंदा आहे. इंडोनेशियात जुगारावर बंदी आहे, पण बाली बेटावर देवळातल्या विधीसाठी ठरावीक तीन झुंजींना मोकळीक ठेवली आहे. ती व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणत नाही, कारण विधीच्या आडून जुगार तिथेही चालतो. पण विधी कुठे संपतो आणि धंदा कुठे सुरू होतो, हे विचारता येते. आपल्या गावातही विचारता आले पाहिजे. इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजी १८३५ साली बंद झाल्या. अमेरिकेच्या राज्यांपैकी शेवटचे लुइझियाना, तिथे २००८ साली. तिथेही ही परंपराच होती.

आणि परंपरा ठरवणाऱ्या त्या गोलात बाई कधी होती? बालीवर लिहिणाऱ्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे की झुंजीच्या गोलात पुरुषच असतात. आपल्याकडेही तेच. बाई तिथे दिसली तर ती विकणारी म्हणून दिसते, खेळणारी म्हणून नाही. मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून जातो. पळालेल्या कोंबड्याच्या मालकाला कसे हिणवतात, ते मी ऐकले आहे. बाईवरूनच हिणवतात. पोरगा तिथे कोंबड्याची झुंज शिकतो आणि सोबत हेही शिकतो की हरणे, मागे सरणे, दया येणे ही बायकी लक्षणे आहेत. तोच पोरगा उद्या कुणाचा तरी नवरा होणार आहे.

आता मैत्रिणींनो, मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कोंबडा कुणाचा?

एका गटाच्या बैठकीत आम्ही हे पाटीवर मांडून पाहिले. कोंबडी खुडूक झाली की अंडी कोण ठेवते? बाई. २१ दिवस त्या डालीवर लक्ष कोण ठेवते? बाई. पिल्ले निघाली की घारीपासून, मांजरापासून, मुंगसापासून कोण राखते? कण्या कोण टाकते? संध्याकाळी कोंबडे झाकते कोण? मानमोडीची साथ आली आणि एका आठवड्यात अख्खे अंगण रिकामे झाले की रडते कोण? सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर आले. मग विचारले, 'कोंबड्या कुणाच्या?' तिथे बाया थांबल्या. एक म्हणाली, 'कोंबड्या माझ्या, पण मोठा कोंबडा त्यांचा.' ती हे अगदी सहज बोलली.

झुंजीचा कोंबडा माणसे वेगळा वाढवतात, त्याला खुराक देतात, जपतात, हे खरे. पण त्याचे पिल्लू कुठून आले? आणि तो हरला की पुढचे पैसे कुठून येतात? जमिनीचा सातबारा आपल्या नावावर नाही, धान विकल्याची पट्टी आपल्या नावाची नाही. बहुतेक घरांत बाईच्या स्वतःच्या हातात राहणारी संपत्ती म्हणजे ह्या चार कोंबड्या. पोराची वही, मिठाची पुडी, माहेरी जायचे तिकीट त्यातून निघते. कोंबडबाजार आधी याच संपत्तीला हात घालतो. त्यानंतर धानाचे चुंगडे जाते, मग गटातून बी-बियाण्याच्या नावाने उचललेले कर्ज जाते, मग कानातले जाते. हप्ता मात्र बाईच्या नावावर राहतो. गटाच्या वहीत थकबाकीदार म्हणून तिचे नाव लागते आणि दर बैठकीत मान खाली घालून तीच बसते. माणसाने गोलात लावलेली पैज अशी बाईच्या वहीत येऊन पडते.

याला कायद्यात नाव आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही हिंसाच धरला आहे. घरातल्या वस्तू, बाईचे स्त्रीधन, तिचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणे त्यात येते. नवऱ्याने दागिना विकून पैज लावली तर 'शौक आहे' म्हणून सोडून देण्याची ही बाब नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तशी तक्रार करता येते आणि वस्तू विकण्यास मनाई करणारा आदेश न्यायालयाकडून मागता येतो. हे किती जणींना माहीत होते? बघा, हात फार थोडे वर आले.

जीवाचा धोकाही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेलंगणाच्या जगतियाल जिल्ह्यात झुंजीसाठी काती बांधलेल्या कोंबड्याने सुटण्यासाठी झटापट केली, काती त्याच्या मालकालाच लागली आणि रक्तस्रावाने तो माणूस गेला. कोंबड्याला पोलीस ठाण्यात नेऊन बांधले. या कोंबड्याची बातमी जगभर छापून आली, लोक हसले. अशा घराचे पुढे काय होते, हे हसण्यावारी जाते.

म्हणजे बंदी हवी. पण नुसती बंदी मागितली की काय होते, हे चंद्रपूरच्या बायांइतके कुणी जाणत नाही. गडचिरोलीत मोठ्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली. आपल्या जिल्ह्यासाठी बायांनी ग्रामपंचायतींचे ठराव गोळा केले. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानसभेपर्यंत त्या पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, त्या धंद्यात बाया आणि मुले ओढली गेली, अशी कारणे दिली. ही कारणे ऐकून मला राग आला होता, आजही येतो. अंमलबजावणी सरकारने करायची, ती झाली नाही आणि त्याचा दोष बंदीला लावला. पण त्या कारणांतले एक वाक्य आपण विसरू नये. बाया ओढल्या गेल्या. मोठा माल पुरवणारा सुटतो आणि दोन बाटल्या विकणारी विधवा पकडली जाते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

कोंबडबाजारातही तेच होते. धाड पडली की चार-दोन मजूर, काही कोंबडे, कात्या, मोटारसायकली जप्त होतात. बाजार भरवणारा आधीच निघून गेलेला असतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नाल्यावर गोल भरतो. आणि मोटारसायकल सोडवायला पैसा कुणाच्या गटातून उचलला जातो, ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझे म्हणणे असे की बंदीचे टोक कुणाकडे आहे, हे आपण ठरवले पाहिजे. ते जागेकडे आणि पैशाकडे असले पाहिजे. शेत कुणी दिले, वाटा कुणी घेतला, दारू कुणी पोचवली, डोळेझाक कुणी केली, हे चार प्रश्न आपण विचारायचे. कायद्यात जागा देणारा गुन्हेगार आहे, हे मघाशी सांगितलेच. त्याच्यावर गुन्हा नोंदल्याचे आपल्यापैकी किती जणींनी ऐकले आहे?

काय करता येईल, ते आता सांगते.

पहिले, ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे ही आपल्या राज्यात कायद्याने ठरवून दिलेली गोष्ट आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. धान निघण्याआधीच त्या सभेत ठराव घ्या की गावाच्या शिवारात कोंबडबाजार भरणार नाही, आणि जो जागा देईल त्याचे नाव ग्रामसभा लेखी पोलिसांना कळवेल. हंगाम सुरू झाल्यावर ठराव घेतला तर भांडण होते. आधी घेतला तर तो गावाचा नियम होतो.

दुसरे, एकटीने गोलाजवळ जाऊ नका. तिथे काती आहे, दारू आहे. दिवस, जागा, शेत कुणाचे, एवढे लिहून काढा. पाच-दहा जणींच्या सहीने ठाणेदारांना अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच धरले जाते. वेळेवर मदत हवी असेल तर ११२ वर फोन करा. पोलीस पाटलाला आणि तंटामुक्त समितीला प्रत द्या.

तिसरे, गटातले कर्ज. कर्ज कशासाठी, हे गटाने विचारायचे आणि शक्य तिथे पैसे हातात न देता बियाणे, खत, औषध घेऊन द्यायचे. पण एखादीच्या नवऱ्याने पैसे उडवले म्हणून तिला गटातून काढू नका. ती थकबाकीदार नाही, तिच्यावर अन्याय झालेला आहे. तिला हप्ता बांधून द्या आणि तक्रारीला तिच्यासोबत जा.

चौथे, तिथे भजी, अंडी, मोहाची दारू विकणाऱ्या बायांना शत्रू समजू नका. त्यांना दिवसाचे दोनशे रुपये हवे आहेत. आठवडी बाजारात, मंडईत त्यांना बसायला जागा मिळावी, हा ठराव त्याच सभेत घ्या. एका हाताने बाजार बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने तिची चूल बंद करायची, हे आपले काम नव्हे.

पाचवे, कोंबड्या बाईच्या, हे घराघरात बोलून मान्य करून घ्या. पशुसंवर्धनाच्या योजनेतून पक्षी मिळाले तर लाभार्थी म्हणून बाईचेच नाव लावा, मानमोडीची लस वेळेवर मागा आणि कोंबडा विकायचा तर तिला विचारून. ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्यावाचून बाकीचे ठराव कागदावरच राहतील.

आणि सरकारकडे एक मागणी. १९६० च्या कायद्यातला १० ते ५० रुपयांचा दंड बदला. पण तो वाढवताना सगळ्यांवर सारखा वाढवू नका. बाजार भरवणाऱ्यावर आणि जागा देणाऱ्यावर जबर असू द्या. सगळ्यांवर सारखाच वाढला तर तोही शेवटी बाईच्याच वहीत येऊन पडेल.

मघाशी एका ताईंनी विचारले, 'हेही बंद केले तर माणसांनी करायचे काय? त्यांना करमणूक नको का?' हवी ना. झाडीपट्टीत नाटके आहेत, दंडार आहे, कबड्डी आहे. त्यांनी ती करावी, आम्हीही बघायला येऊ. पण माणसांची करमणूक शोधून देणे हे बायांच्या अंगावर आणखी एक काम होऊ नये. आपल्या करमणुकीचे काय, हे आजवर कुणी विचारलेले नाही.

धान निघायला अजून अवकाश आहे. आपापल्या गावच्या महिला सभेची तारीख आजच इथल्या वहीत लिहून जा. ज्या गावात अडचण येईल तिथे शेजारच्या दोन गावांच्या बायांनी जायचे, हेही आताच ठरवू या. वही इकडून फिरवते आहे.